पेटीतली कुंभारीण

कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, तर आत एक घर निघालं.

बोराएवढ्या दोन गोल खोल्या बांधून पुऱ्या झालेल्या, तिसरीचं तोंड अजून उघडं. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांना आणि चौकटीला धरून पांढुरक्या मातीनं लिंपलेलं. आतून ओल्या मातीचा वास येत होता. ऑक्टोबरातली दुपार, बाहेर पोफळीची एक झावळी हलत नव्हती, आणि कॉम्प्युटरच्या पेटीतून मातीचा वास. आपण झोपेत आहोत असंच मला क्षणभर वाटलं.

"मिळाला रोग," मी वृंदाला हळूच म्हटलं आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या मातीला लावायला गेले.

"हात लावू नको गो! कुंभारणीचं घर हाय ते."

दारात वृंदाच्या सासूबाई उभ्या होत्या, शालनकाकी. त्यांची झोप मोडू नये म्हणून आम्ही दोघी अर्धा तास कुजबुजत होतो, आणि त्या आपल्या टक्क जाग्या. ठेंगणी मूर्ती, नाकात मोठी चमकी, आणि कॉम्प्युटरमध्ये माशीनं घर केलंय याचं चेहऱ्यावर जराही नवल नाही.

२००८ सालची गोष्ट ही. मी सत्तावीस वर्षांची होते आणि दापोलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवत होते. दुकानात येणारा प्रत्येक जण आधी माझ्या मागे डोकवायचा, खरा दुरुस्त करणारा कुठे बसलाय ते बघायला. त्यामुळे माझी जीभ जरा तिखट झाली होती, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं तर ती त्याच्या बरीच आधीपासून तिखट होती.

उंबरशेतच्या वृंदाचा फोन सकाळी दुकानात आला. कॉम्प्युटर सुरू होत नाही आणि दुपारी चारच्या आत व्हायलाच हवा. मी तिला प्लग बघायला सांगितला. दहातले सहा कॉम्प्युटर प्लग नीट बसवला की बरे होतात, आणि उरलेल्या चारांतल्या दोनांत पाल निघते. तिनं प्लग बघितला होता. पाल बघायचं धाडस झालं नव्हतं. मी पिशवी उचलून उंबरशेतची एसटी पकडली.

घर नवं होतं, स्लॅबचं, वृंदाच्या नवऱ्याच्या बोटीवरच्या नोकरीतून बांधलेलं. आत शिरताना माळ्यावर गणपतीचे जुने साचे ओळीनं मांडलेले दिसले. सासरे होते तोवर गावचे गणपती तेच करायचे, असं वृंदानं सांगितलं. कॉम्प्युटर आतल्या खोलीत खिडकीशी होता. बटण दाबलं की उचकी लागल्यासारखा पंखा एकदा थरथरायचा, दिवा लागायचा, आणि दहा मोजेपर्यंत सगळं गप्प. मी वायर बदलून बघितली, मेमरी काढून पुसून बसवली. तसंच. मग पेटीचे स्क्रू ढिले करायला घेतले, आणि ते होईतो वृंदानं सगळी कहाणी माझ्या कानात सांगून टाकली. परक्या माणसापाशी मन मोकळं होतं ते असं.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. दवाखाने करून झाले होते, देव करून झाले होते. आता रत्नागिरीच्या एका संस्थेत सात महिन्यांची एक मुलगी होती. वृंदा भावाबरोबर जाऊन तिला बघून आली होती. भावाच्या कॅमेऱ्यानं फोटो काढले, ते या कॉम्प्युटरवर उतरवले, आणि भाऊ कॅमेरा घेऊन नाशिकला गेला.

"प्रसन्न नाही म्हणत नाही," वृंदा म्हणाली, "पण हो पण म्हणत नाही. फोनवर एकच, बघितल्याशिवाय कसं सांगू? आज त्याची बोट बंदरात लागलीय. तिथे खलाशांचा क्लब आहे. आपल्या चार वाजता तो कॉम्प्युटरवर येणार, पाचला परत बोटीवर. मग पाच आठवडे नुसता समुद्र. आणि संस्थेला सोमवारी उत्तर द्यायचंय. दोघांचं. नाहीतर यादीतल्या पुढच्या जोडप्याला दाखवणार तिला."

"आणि सासूबाई?"

तिनं दाराकडे बघितलं. "त्यांना माहेरी गेले होते म्हणून सांगितलंय. नऊ वर्षं माझी ओटी भरताना त्या देवाकडे जे मागतायत ना, ते हे नव्हे."

एवढं झालं होतं, आणि मग झाकण निघालं.

"अहो काकी," मी म्हटलं, "ह्या मातीनं पंखा अडकलाय. पंखा फिरत नाही म्हणून आतला भाग तापतो, आणि तापला की जळू नये म्हणून कॉम्प्युटर आपणहून बंद होतो. घर काढल्याशिवाय चालू व्हायचा नाही."

"मग नको होऊ दे. घरात कुंभारणीनं घर केलं की वर्षाच्या आत पाळणा हलतो. प्रसन्नाच्या वेळी देवळीत केलं होतं, तुळशीमागच्या कोनाड्यात. मी कुणाला शिवू दिलं नाय."

वृंदाचं तोंड एवढंसं झालं. नऊ वर्षांत तिनं असलं किती ऐकलं असेल कुणास ठाऊक.

"आई," ती म्हणाली, "प्रसन्न चारला येणार आहे. मला त्याच्याशी महत्त्वाचं बोलायचंय."

"बोल की. मी कुठे नको म्हणते? पण घर मोडायचं नाय."

माझ्या जिभेवर काहीतरी झणझणीत आलं होतं. मोठ्या बायकांचं ऐकून घेणं माझ्या स्वभावात नव्हतं. पण वृंदाकडे बघितलं आणि ते गिळलं. आत वाकून पुन्हा एकदा नीट बघितलं. पंखा चार स्क्रूंवर बसलेला होता. घर सगळं पंख्यावरच होतं, खाली कुठे चिकटलं नव्हतं.

"घर मोडायचं नाही ना? मग पंखाच घरासकट काढते. पेटीच्या मागे दुसरा एक पंखा आहे, तो त्या जागी बांधते. कुंभारणीचं घर तुमच्या देवळीत ठेवा. चालेल?"

काकींनी थोडा विचार केला. "चालेल. पण आता नाय. तिसरीचं तोंड उघडं हाय. ती आली नि घर जागेवर नसलं तर उघडं टाकून जाईल. तोंड लिंपू दे तिला. मग हलव."

"आणि ती कधी लिंपणार?"

"आज लिंपेल."

घड्याळात पावणेतीन झाले होते.

मी खूप जणांची वाट बघितली आहे. गिऱ्हाइकांची, सुट्या भागांची, गेलेली वीज परत यायची. माशीची वाट बघायची वेळ तेवढी राहिली होती. आम्ही तिघी फरशीवर बसलो, पेटी मध्ये. काकी भिंतीला टेकून, वृंदा गुडघ्यांना मिठी मारून. तिची नजर घड्याळावर, काकींची पेटीवर. खिडकीतून आलेला उन्हाचा तुकडा फरशीवरून इतका सावकाश सरकत होता की त्याच्याकडे बघता बघता माझे डोळे जड झाले.

मग ती आली. पेटीच्या मागे एका पट्टीची जागा मोकळी होती, तिथून. बारीक कंबर, पिवळा पट्टा, आणि पायांत धरलेली तिच्याहून मोठी हिरवी अळी. तिनं ती अळी उघड्या खोलीत डोक्याकडून ढकलायला सुरुवात केली. ढकलताना ती गुणगुणत होती. पत्र्याची पेटी, त्यामुळे तो आवाज आतल्या आत घुमायचा आणि फरशीतून आमच्यापर्यंत यायचा.

मला तो आवाज ओळखीचा वाटला, आणि आवडला नाही.

मी दहा वर्षांची असताना माझी आई गेली. पुढच्या वर्षी बाबांनी प्रभाकाकूला लग्न करून घरी आणलं. काकू हे मीच ठरवलं. आत्यानं सांगितलं होतं, आई म्हण. मी म्हटलं, जीभ वळत नाही. तिला एक सवय होती, काम करताना गुणगुणायची. ना सूर, ना शब्द. माझी वेणी घालताना ते डोक्यावर चालू असायचं. एके दिवशी मी तिच्या हातातून केस हिसकले आणि ओरडले, "बंद कर ती भुणभुण. माझी आई असलं काही करत नव्हती." तिनं बंद केलं. वेणीही मी त्या दिवसापासून स्वतःची स्वतः घातली. आणि तेव्हापासून सोळा वर्षं, मी उंबऱ्यात पाऊल टाकलं की ती गुणगुणायची थांबायची. बाहेर अंगणापर्यंत ऐकू यायचं, आत शिरलं की नाही. मला वाटायचं, मी जिंकले.

"सव्वातीन," वृंदा म्हणाली.

कुंभारीण माती आणायला गेली. लगेच परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. इतक्या लवकर? शेतावर जाऊन यायलाही जास्त वेळ लागला असता. आणि तेव्हा माझ्या झोपाळलेल्या डोक्यात प्रकाश पडला. उंबरशेतची सगळी माती तांबडी. माझ्या चपलांचे तळवे तांबडे, वृंदाच्या साडीची कड तांबडी, बाहेर कुंपणाच्या गडग्याचे दगडसुद्धा तांबडे. मग हे घर पांढरं कसं?

मी नजरेनं माशीचा पाठलाग केला. ती खिडकीपर्यंतच जात होती, पडद्यामागे. मी मान वाकडी करून बघितलं. पडद्यामागे कोपऱ्यात एक बशी होती. बशीत ओला शाडू. गणपतीचा शाडू, माळ्यावरच्या पोत्यातला, वरून नुकतंच पाणी शिंपडलेला.

मी काकींकडे बघितलं. त्यांनी वृंदाकडे एक कटाक्ष टाकला आणि ओठांवर बोट ठेवलं.

मला त्या बाईची दया आली आणि रागही आला. म्हणजे नातवासाठी ही माशीला माती घालून बोलावते, आणि सून त्याच खोलीत घड्याळाकडे बघत मरते. वृंदानं दुसऱ्याचं पोर आणलं तर ही त्याला घास तरी भरवेल का? नव्या घरात कोणी कोणाचं होतं यावर माझा विश्वास नव्हता. मी गप्प बसले ते काकींसाठी नव्हे, भांडणात वेळ गेला असता म्हणून.

चाराला वीस मिनिटं असताना कुंभारणीनं शेवटचा गोळा लावला, डोक्यानं दाबून सारखा केला, आणि मागच्या फटीतून निघून गेली. परत आली नाही.

"आता," काकी म्हणाल्या.

एवढ्या घाईचं आणि एवढ्या नाजूक हातानं केलेलं काम माझ्या हातून पुन्हा झालेलं नाही. चार स्क्रू, वायरची पिन, आणि पंखा घरासकट वर. काकींनी तो ओंजळीत घेतला. मागचा पंखा काढून मी त्या जागी ठेवला, पण तो आकारानं मोठा, स्क्रूची भोकं जुळेनात. वृंदानं देवघरातून हार ओवायचा दोरा आणला. चारी बाजूंनी आवळून बांधला आणि गाठी मारल्या. वायर बसली.

"चारला दोन कमी आहेत," वृंदा म्हणाली.

मी बटण दाबलं. दोऱ्यात अडकवलेला पंखा फिरायला लागला. मी मोजत होते. आठ, नऊ, दहा. अकरा. कॉम्प्युटरचा पडदा उजळला. वृंदा एकदम रडायला लागली आणि रडता रडताच खुर्चीवर जाऊन बसली.

चार वाजून सात मिनिटांनी प्रसन्न आला. आधी नुसते चौकोन, मग त्याचा चेहरा. उन्हानं रापलेला, दाढी वाढलेली.

"दिसतेयस," तो म्हणाला. "थकलेली दिसतेयस. आई कुठे आहे?"

"आहेत ना." वृंदानं वळून बघितलं. काकी पंखा ओंजळीत धरून तिच्या मागेच उभ्या होत्या. "आई, जरा चहा टाकता? ह्या विशाखाताई सकाळपासून—"

"चहा मग." काकी हलल्या नाहीत. "आधी त्याला पोरगी दाखव."

 वृंदा खुर्चीतच पूर्ण मागे वळली.

"दसऱ्याला तू माहेरून आलीस ना," काकी म्हणाल्या, "त्याच्या दुसऱ्या दिवशी ही पेटी चालू ठेवून विहिरीवर गेली होतीस. मी केर काढत होते. बघते तर पोरगी माझ्याकडे बघून हसते. खालचे दोन दात. मी केरसुणी टाकून तिथेच बसले."

"मग... बोलला का नाहीत तुम्ही?"

"तूच नाय बोललीस. मी कोण बोलणार? वाटलं, सासू आड येईल म्हणून लपवतेय. मी पोरगी आण म्हटलं तर म्हणशील, मन राखायला म्हणते. म्हणून मग कुंभारणीला सांगितलं. शाडू भिजवून ठेवला. घरात इतके कोपरे हायत, पण मेली नेमकी त्याच पेटीत शिरली, जिच्यात पोर हाय."

वृंदानं तोंडावर पदर धरला होता. प्रसन्न पडद्यातून पुढे झुकला होता. काकी बोलत राहिल्या.

"ती काय स्वतःचं पोर आणते गो? परक्याची अळी उचलून आणते. आपल्या घरात ठेवते, दार लिंपते, आणि गुणगुणत राहते. गुणगुणून गुणगुणून त्या अळीला पंख फुटतात. बाहेर पडते ती कुंभारीण होऊनच. माझी आजी सांगायची. येवढ्याशा माशीला जमतं, तर आपल्याला जमायचं नाय?"

आम्हाला शाळेत शास्त्राच्या बाईंनी शिकवलं होतं की ती अळी म्हणजे कुंभारणीच्या पिल्लाची शिदोरी. आत घातलेलं अंडं फुटतं आणि पिल्लू तिला खाऊन मोठं होतं. मला उत्तर येत होतं. येत असलेलं उत्तर मी आयुष्यात पहिल्यांदा दिलं नाही. मी खिडकीतल्या शाडूच्या बशीकडे बघत उभी होते.

वृंदानं फोटो पाठवला. पलीकडे तो उघडायला वेळ लागला. मग प्रसन्नाचा चेहरा थांबला. चित्र अडकलं की माणूस अडकला, कळेना. वृंदानं माझा हात घट्ट धरला. मी दोऱ्याच्या गाठींकडे बघितलं, त्या शाबूत होत्या.

"वृंदा," शेवटी तो म्हणाला. "हिचे कान टोचलेले नाहीत."

"नाहीत."

"मग मी येईपर्यंत टोचू नका. मांडीवर मी घेणार."

काकींनी वृंदाच्या डोक्यावर हात ठेवला. एका हातात घर होतं, दुसरा मोकळा होता. मी माझी हत्यारं गोळा करायला लागले, कारण दुसरं काय करावं ते कळत नव्हतं.

साडेपाचच्या एसटीनं निघताना काकी फाटकापर्यंत आल्या. पिशवीत दोन शहाळी घातली. "तुझी आई काय करते गो?" त्यांनी विचारलं.

मी नेहमी सांगायचे, आई नाही मला. त्या दिवशी म्हटलं, "घरी असते. वाट बघत असेल."

पुढे गुढीपाडव्याच्या सुमारास त्यांचा फोन आला. देवळीतल्या तिन्ही खोल्यांना भोकं पडली होती, आतल्या तिन्ही कुंभारणी उडाल्या होत्या. मागून बाळाचा रडण्याचा आवाज येत होता आणि काकी त्या आवाजावरून ओरडून बोलत होत्या.

उंबरशेतहून परतले त्या संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. दार उघडं होतं. प्रभाकाकू आत पाठमोरी बसली होती, भिजवलेले वाल सोलत. गुणगुणत होती. मी अंगणातच थांबले. सोळा वर्षं जे बाहेरच्या बाहेर ऐकलं ते पहिल्यांदा नीट ऐकलं. सूर नव्हताच. पण तेच होतं, माझी वेणी घालताना असायचं ते. ती मी नसताना माझ्या वेणीच्याच तालाचं काहीतरी म्हणत बसलेली असायची.

मी उंबरा ओलांडला. तिला चाहूल लागली आणि ती थांबली.

"आलीस? चहा टाकते."

"थांबू नकोस," मी म्हटलं.

"काय?"

"म्हणत होतीस ते म्हण." मी तिच्यापुढे पाठ करून बसले आणि केसांची पिन काढली. "आणि माझी वेणी घाल, आई."

 मागे तिनं वालाची परात बाजूला सारल्याचा आवाज आला. तिचे हात ओले होते. ते तिनं पदराला पुसले, पुन्हा एकदा पुसले, आणि माझे केस हातात घेतले. गुणगुणणं सुरू व्हायला मात्र फार वेळ लागला.